वरती टर्निंग, खाली अंजीर: यंत्र विभागातल्या संशोधकाची पेपरांची यादी वाचताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर प्राध्यापकांच्या नावाखाली पेपरांची यादी असते. यंत्र विभागातल्या एखाद्या यादीत वर टायटॅनियमच्या टर्निंगवरचे (लेथवर फिरवून कापण्यावरचे) पेपर आणि खाली गूळ, अंजीर, आवळा वाळवण्यावरचे पेपर दिसले की वाचणारा बुचकळ्यात पडतो. मार्गदर्शक शोधणारे पीएच.डी.चे विद्यार्थी, भोसरीतले कारखानदार आणि सासवडकडचे फळप्रक्रियावाले मला या याद्यांबद्दल सतत विचारतात. उत्तरं एकदाच लिहून ठेवलेली बरी. यात कोणा एकाची यादी डोळ्यांसमोर नाही. मी स्वतः यंत्र अभियांत्रिकी शिकवतो, तेव्हा मशीनिंगकडे माझा कल झुकलेला दिसला तर तेवढं समजून घ्या.

एकाच माणसाने धातूही कापायचा आणि अंजीरही वाळवायचं, हे खरं असू शकतं का?

असू शकतं, आणि वाटतं तितकं विचित्रही नाही. वाळवण म्हणजे उष्णता आत जाणं आणि पाणी बाहेर येणं. उष्णता वहन हा यंत्र अभियांत्रिकीचा हक्काचा विषय आहे. ड्रायर बनवणारा, त्यातला हवेचा वेग मोजणारा माणूस यंत्र विभागातच सापडतो. पुणे जिल्ह्यात तर दोन्हींचा कच्चा माल हाताशी आहे. एकीकडे भोसरी-चाकणची मशीन शॉप, दुसरीकडे पुरंदरचं अंजीर, दौंडकडची गुऱ्हाळं, मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्र आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय.

दुसरं कारण पद्धतीचं. दोन्हीकडे प्रयोग आखण्याचं तंत्र एकच वापरतात आणि ते तंत्र मुळात शेतातून आलं. रोनाल्ड फिशर १९१९ साली इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात रुजू झाले. खताचा आणि वाणाचा परिणाम जमिनीच्या कसापासून वेगळा कसा काढायचा, या अडचणीतून त्यांनी अनोव्हा, म्हणजे आकड्यांतला फरक कोणत्या घटकामुळे किती पडला ते वाटून दाखवणारी सांख्यिकी पद्धत, उभी केली. आज भोसरीतल्या लेथवरचे आकडे ज्या अनोव्हाच्या तक्त्यात बसवतात, तो तक्ता गव्हाच्या वाफ्यांसाठी जन्मला. पुढे १९५१ साली बॉक्स आणि विल्सन यांनी रासायनिक प्रक्रियांसाठी रिस्पॉन्स सरफेस पद्धत (घटकांच्या आकड्यांवरून उत्तराचा आलेख बांधून सर्वोत्तम जागा शोधण्याची) मांडली. ती अन्नविज्ञानात इतकी मुरली की तिकडच्या दर दोन पेपरांमागे एकात तरी ती भेटेल असं वाटावं. मशीनिंगवाले जपानच्या गेनिची तागुची यांच्या आखणीला धरून बसले.

म्हणून यादीत दोन विषय दिसले एवढ्यावरून नाक मुरडू नये. पद्धत माणसाच्या हातात खरोखर बसली आहे का, की आकडे टाकून सॉफ्टवेअरचं बटण दाबलं आहे, हे पाहावं. ते यादीवरून कळत नाही, पेपर उघडावा लागतो.

ती दोन वेगळी माणसं तर नसतील?

ही शंका पहिल्यांदा घ्या. आपल्याकडे पाटील, जाधव, कुलकर्णी, शिंदे आडनावांचे संशोधक शेकड्यांनी आहेत. त्यात आद्याक्षरं दोनच छापली की 'पाटील एस. आर.' हे नाव सिव्हिलपासून दंतवैद्यकापर्यंत कुठेही निघतं. स्कोपस ही पेपरांची सूची संगणकाच्या मदतीने पेपर एकेका लेखकाच्या खात्यात टाकतं. त्यात दोघांचे पेपर एका खात्यात जमा होतात, किंवा एकाचीच तीन खाती तयार होतात. गूगल स्कॉलर तर सुचवलेले पेपर आपोआप जोडण्याची मुभा देतं. खातेदाराने वर्षानुवर्षं लक्ष घातलं नाही की त्याच्या नावावर भलत्याचेच पेपर बसलेले असतात. दर वेळी त्यात लबाडी असते असं नाही, आळस मात्र असतो.

मराठी नावांचा गुंता आणखी आहे. कधी आडनाव आधी, कधी शेवटी. मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. बाईंचे एम.टेक.पर्यंतचे पेपर माहेरच्या नावाने आणि पीएच.डी.नंतरचे सासरच्या नावाने असतात. रोमन लिपीत 'दीक्षित' तीन-चार तऱ्हांनी लिहिला जातो, ते वेगळंच.

उपाय आहे, ऑर्किड. २०१२ पासून मिळणारा हा सोळा अंकी क्रमांक फुकट आहे आणि नाव बदललं तरी बदलत नाही. यादीशेजारी ऑर्किड असेल तर तिथून सुरुवात करा. नसेल तर संस्थेचं नाव, सहलेखक आणि वर्षं जुळतात का ते बघा. २०१४ चा मशीनिंगचा पेपर पुण्यातून आणि त्याच वर्षीचा अन्नविज्ञानाचा पेपर आसाममधल्या संस्थेतून, सहलेखक एकही सामाईक नाही, असं असेल तर बहुधा ती दोन माणसं आहेत.

मशीनिंगच्या पेपरांत नेमकं काय असतं?

बहुतेकांचा साचा ठरलेला आहे. एक धातू घ्यायचा (टायटॅनियमची मिश्रधातू, इनकोनेल, कडक केलेलं पोलाद, ॲल्युमिनियम कॉम्पोझिट), त्यावर टर्निंग, मिलिंग, ड्रिलिंग किंवा ईडीएम (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणं) करायचं. कटिंग स्पीड, फीड (एका फेऱ्यात हत्यार किती पुढे सरकतं) आणि डेप्थ ऑफ कट (किती खोल कापतं) बदलत राहायचं. मग मोजायचं काय, तर पृष्ठभागाचा खरखरीतपणा म्हणजे आरए, इन्सर्टची (हत्याराच्या बदलता येणाऱ्या कापणाऱ्या टोकाची) झीज, लागलेलं बल, तापमान. शेवटी 'सर्वोत्तम' सेटिंग सांगायचं.

टूल लाइफचा, म्हणजे हत्यार किती वेळ टिकतं याच्या हिशोबाचा, पाया एफ. डब्ल्यू. टेलर यांनी घातला. त्यांचा प्रबंध १९०७ सालचा. स्पीड गुणिले टूल लाइफचा एक ठरावीक घात बरोबर स्थिरांक, असं त्यांचं सूत्र. कार्बाइड इन्सर्टसाठी हा घात ०.२५ च्या आसपास धरतात. म्हणजे स्पीड २० टक्क्यांनी वाढवला की इन्सर्टचं आयुष्य निम्म्यावर येतं. भोसरीतला सेटर हे सूत्र न मांडता जाणतो. 'आरपीएम वाढवू नका, कॉर्नर जातो' असं तो म्हणतो तेव्हा टेलरचंच बोलत असतो. झीज किती झाली की इन्सर्ट संपला म्हणायचं, याचा आंतरराष्ट्रीय मानकातला नेहमीचा निकष फ्लँकची (इन्सर्टच्या बाजूची) सरासरी झीज ०.३ मिमी हा आहे. पेपरात हा निकष किंवा दुसरा कुठला तरी स्पष्ट लिहिलेला असावा. नुसतं 'टूल लाइफ वाढलं' याला अर्थ नाही.

आता माझा लाडका मुद्दा. टर्निंगमध्ये आरए साधारण किती येणार, हे प्रयोग न करताही काढता येतं: फीडचा वर्ग भागिले ३२ पट नोज रेडियस (इन्सर्टच्या टोकाची गोलाई). फीड ०.२ मिमी आणि नोज रेडियस ०.८ मिमी घेतला तर सुमारे १.५६ मायक्रॉन येतो. फीड निम्मा केला की ०.३९, म्हणजे चौथा हिस्सा. प्रत्यक्षात कंपनं, झीज, बिल्टअप एज (धारेला चिकटलेला धातू) यामुळे आकडा वर जातो, पण फीडचा पगडा सूत्रातच ठरलेला आहे. तरीही 'आरएवर सर्वांत जास्त परिणाम फीडचा होतो' हा निष्कर्ष म्हणून छापलेले पेपर दरवर्षी येत राहतात. यादीतले मशीनिंगचे पेपर चाळताना निष्कर्षाचा पहिला मुद्दा हाच असेल तर त्या पेपरातून नवं काही हाती येत नाही. संशोधकाने सूत्राचा आकडा आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी ठेवून फरक का पडला ते खणलं असेल, तर मात्र खुर्ची ओढून वाचा.

एल९, एल२७ अशा आखण्यांवर विश्वास ठेवायचा का?

ठेवायचा, पण मोजून. चार घटक, प्रत्येकाच्या तीन पातळ्या, असे सगळे प्रयोग करायचे तर ८१ होतात. तागुचीची एल९ आखणी ते नऊवर आणते. इन्कोनेलचा बार आणि इन्सर्टचं पाकीट स्वतःच्या खिशातून आणणाऱ्या एम.टेक.च्या मुलाला ही बचत फार मोठी आहे.

बचतीची किंमत मात्र मोजावी लागते. नऊ प्रयोगांतून आठ स्वातंत्र्यांश (स्वतंत्रपणे वापरता येणारे माहितीचे तुकडे) मिळतात. तीन पातळ्यांचा एक घटक दोन खातो. चार घटक घेतले की आठही संपले, प्रयोगातली चूक (एरर) किती, याचा अंदाज करायला काही उरत नाही. अशा वेळी प्रयोग पुन्हा न करता 'या घटकाचा परिणाम अमुक टक्के खात्रीने लक्षणीय आहे' असं कुणी लिहिलं असेल तर ती खात्री कुठून आणली, हे विचारायला हवं. पळवाट ठरलेली आहे. सर्वांत लहान परिणाम उचलून त्यालाच चूक म्हणायचं. तसं करायला हरकत नाही, पण ते केल्याचं पेपरात लिहावं लागतं. शिवाय पूर्ण भरलेल्या एल९ मध्ये दोन घटकांचा एकमेकांवरचा परिणाम वेगळा काढता येत नाही, तो इतर घटकांत मिसळून जातो.

मी तीन गोष्टी बघतो. प्रत्येक प्रयोग किती वेळा केला? दर वेळी नवी कटिंग एज लावली का? आणि शेवटी सांगितलेलं 'सर्वोत्तम' सेटिंग प्रत्यक्ष लावून पडताळलं का? तिसरं उत्तर 'नाही' असेल तर त्या पेपराचं काम अर्धवट राहिलं आहे.

आणखी एक खूण. एकाच सत्तावीस प्रयोगांतून आरएचा एक पेपर, झिजेचा दुसरा, धातू काढण्याच्या दराचा तिसरा, असे तुकडे पाडलेले असतात. तिन्ही पेपरांतले घटक-पातळ्यांचे तक्ते शेजारी ठेवा. हुबेहूब तेच असतील आणि एकाने दुसऱ्याचा उल्लेखही केला नसेल, तर यादीत ओळी तीन आणि काम एक.

अन्नविज्ञानाच्या पेपरांत काय बघायचं? आम्ही पुरंदरचे अंजीरवाले आहोत, आम्हाला त्यातलं काय उपयोगी?

आधी ओलाव्याचा आकडा कोणत्या आधाराने दिलाय ते बघा. ताज्या अंजिरात वजनाच्या साधारण ८० टक्के पाणी असतं. याला ओला आधार म्हणतात. तेच पाणी कोरड्या ऐवजाच्या तुलनेत मांडलं की ४०० टक्के होतं. दोन्ही बरोबर, पण पेपरात आधार लिहिलेला नसेल तर पुढचे सगळे तक्ते अधांतरी राहतात.

हिशोब करून बघू. शंभर किलो ताजं अंजीर, त्यात २० किलो कोरडा ऐवज. २० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवलं तर हाती २५ किलो माल येतो. पंच्याहत्तर किलो पाणी उडवायचं. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण २.४ मेगाज्यूल लागतात, म्हणजे एकूण १८० मेगाज्यूल, विजेचे ५० युनिट. ड्रायर विजेच्या कॉइलवर चालत असेल आणि कुणी 'शंभर किलो अंजीर वीस युनिटांत' म्हणत असेल, तर आकड्यात गडबड आहे. हीट पंप किंवा सौर ड्रायर असेल तर वीज कमी लागू शकते, पण मग तसं यंत्र पेपरात दिसलं पाहिजे. प्रत्यक्षात कॉइलच्या ड्रायरला पन्नासाहून बरेच जास्त युनिट लागतात, कारण गरम हवा बाहेर जातेच.

वाळवणाच्या पेपरांत गणिती मॉडेलं असतात. लुईस, पेज, हेंडरसन आणि पाबिस ही नावं वारंवार येतात. पेजचं मॉडेल १९४९ चं, मक्याच्या दाण्यांवरचं. त्यात घात बदलता येतो, त्यामुळे ते जवळपास कुठल्याही वाळवणाच्या आलेखावर बसतं. म्हणून 'पेज मॉडेल सर्वांत चांगलं जुळलं, आर वर्ग ०.९९' हा निष्कर्ष मशीनिंगमधल्या 'फीड सर्वांत महत्त्वाचा'चा सख्खा भाऊ आहे. तुमच्या कामाचं असतं ते पुढच्या पानांवर: वाळायला लागलेला वेळ, कापांची जाडी, रंग किती बदलला, पुन्हा पाण्यात टाकल्यावर किती फुगलं.

टिकाऊपणासाठी नुसता ओलावा पुरत नाही, वॉटर ॲक्टिव्हिटी बघावी लागते. पाण्यातला किती भाग जिवाणू-बुरशीला वापरता येतो, त्याचं हे माप. ०.६ च्या खाली कुठलाही सूक्ष्मजीव वाढत नाही. अंजीर, गूळ यांसारख्या साखर भरलेल्या पदार्थांत ओलावा जास्त असूनही हा आकडा कमी राहू शकतो. टिकाऊपणाचा दावा आहे आणि वॉटर ॲक्टिव्हिटी मोजलेली नाही, असा पेपर मी बाजूला ठेवतो.

चवीबद्दल थोडं. नऊ गुणांच्या मोजपट्टीवर 'फार आवडलं'पासून 'मुळीच आवडलं नाही'पर्यंत गुण देतात. गुण देणारे कोण, हा प्रश्न विचारा. कॉलेजातल्याच दहा मुलांनी ७.८ गुण दिले याचा अर्थ मंडईत माल खपेल असा होत नाही. तुलना करण्यापुरते ते गुण ठीक असतात.

गुळावरच्या कामाचं काय?

गुऱ्हाळातलं ज्ञान गुळव्याच्या हातात आहे. काहिलीतला पाक कधी उतरवायचा हे तो बुडबुड्यांवरून आणि थेंब पाण्यात टाकून ठरवतो. थर्मामीटर लावला तर ते तापमान ११८ अंशांच्या जवळपास निघतं. चांगल्या पेपरात गुळव्याची खूण आणि यंत्राचा आकडा दोन्ही नोंदवलेले असतात. चुलवाणाची रचना बदलून चिपाड किती वाचलं, यावरचं काम यंत्र विभागाला शोभणारं आहे आणि गुऱ्हाळवाल्याच्या थेट उपयोगाचंही. रस साफ करायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस की रासायनिक पावडर, ही तुलना अन्नविज्ञानाकडे जाते. एका माणसाने दोन्ही बाजू हाताळल्या असतील तर त्याची यादी मला जास्त पटते.

दोन्ही विषयांना खरोखर जोडणारं असं काही काम आहे का?

आहे. माझ्या मते अशा यादीतली सर्वांत मोलाची ओळ तिथेच सापडते.

पहिलं, वनस्पती तेलांचं कूलंट. मशीनवर कूलंटचा (थंड करणाऱ्या द्रवाचा) पूर सोडताना मिनिटाला कित्येक लिटर कूलंट जातं. एमक्यूएल या कमीत कमी तेलाच्या पद्धतीत तासाला मोजकेच मिलिलिटर तेल हवेच्या झोतातून फवारतात आणि त्यात वनस्पती तेलं बरी चालतात. मग करडई वापरायचं, शेंगदाण्याचं, सोयाबीनचं की खोबऱ्याचं? उत्तर लेथवर मिळत नाही, ते तेलाच्या रसायनात आहे. आयोडीन व्हॅल्यू जास्त म्हणजे दुहेरी बंध जास्त, तेल हवेशी लवकर बिघडतं आणि स्लाइडवेवर चिकट थर धरतं. सोयाबीनची आयोडीन व्हॅल्यू १२० ते १४० च्या घरात, खोबरेल तेलाची १० च्या आसपास. म्हणजे खोबरेल टिकाऊ. पण ते २४-२५ अंशांना गोठतं. डिसेंबरात सकाळच्या पाळीला चाकणच्या शेडमध्ये नोझल तुंबणार, हे पेपरात कुणी लिहिलेलं मला क्वचितच दिसतं. आयोडीन व्हॅल्यू, पेरॉक्साइड व्हॅल्यू, चिकटपणा या चाचण्या खाद्यतेलाच्या प्रयोगशाळेत रोज होतात. अन्नविज्ञानात वावरलेला यंत्र अभियंता इथे दोन पावलं पुढे असतो.

दुसरं, अन्नाला लागणारे पृष्ठभाग. दुधाच्या टाकीचा, मिक्सरच्या पात्याचा, पाइपच्या जोडाचा स्टेनलेस पृष्ठभाग ०.८ मायक्रॉन आरए किंवा त्याहून गुळगुळीत असावा, असा स्वच्छ आखणीचा प्रचलित निकष आहे. त्याहून खरखरीत झाला की चरांमध्ये अन्न आणि जिवाणू घर करतात आणि धुतले जात नाहीत. इथे मशीनिंगवाल्याचा आरए आणि अन्नवाल्याचा जिवाणूंचा आकडा एकाच तक्त्यात येतात. असा एखादा पेपर यादीत असेल तर त्या माणसाने दोन विषय निव्वळ संख्येसाठी धरले नसावेत, असं मी मानून चालतो.

स्कोपसमध्ये वीस पेपर, स्कॉलरवर पन्नास. खरं काय?

दोन्ही. स्कोपस निवडलेली जर्नलं आणि परिषदांचे खंडच मोजतं. स्कॉलर जे दिसेल ते घेतं: प्रबंध, पुस्तकातलं प्रकरण, महाविद्यालयाच्या परिषदेची पीडीएफ. मराठीतला लेखही तिथे येऊ शकतो. अन्नविज्ञानातलं बरंचसं स्थानिक काम स्कोपसबाहेरच्या भारतीय जर्नलांत असतं, म्हणून तेवढ्यावरून ते हलकं ठरवू नये.

एच-इंडेक्स १२ म्हणजे चांगला का?

याचा अर्थ बारा पेपर असे आहेत, ज्यांचा प्रत्येकी निदान बारा वेळा उल्लेख झाला. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली हे माप सुचवलं. वय वाढेल तसा तो वाढतो, कधी घटत नाही. स्वतःचेच उल्लेख स्वतः केले तरी वाढतो. एका विषयातला आकडा दुसऱ्याशी ताडता येत नाही. दोन विषयांत विखुरलेल्या माणसाची दोन्ही कामं एकत्र मोजली जातात, त्यामुळे कुठल्या कामाला दाद मिळाली हे त्यातून दिसत नाही. यापेक्षा जास्त वेळ त्यावर घालवू नका.

'यूजीसी मान्य जर्नल' असं लिहिलंय. पुरेसं आहे का?

वर्ष बघा. या गोष्टीत पुण्याचा मोठा वाटा आहे. यूजीसीने आधी मान्य जर्नलांची एक लांबलचक यादी केली होती. तिच्यात विद्यापीठांच्या शिफारशीने बरंच काही घुसलं. पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी त्या भागातली १,००९ जर्नलं तपासून २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये अहवाल छापला. ८८ टक्क्यांहून जास्त जर्नलं साध्या निकषांनाही उतरली नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नलं यादीतून काढली. २०१९ मध्ये यूजीसी-केअर यादी आली. तिच्यासाठी जर्नलं तपासण्याचा कक्ष सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातच होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती यादीही बंद केली आणि जर्नल पारखण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली.

म्हणून २०१७ सालच्या पेपरापुढे 'यूजीसी मान्य' दिसलं तर ते जर्नल नंतर वगळलं गेलं का ते शोधा. वगळलं गेलं असेल तरी पेपर वाचल्याशिवाय निकाल देऊ नका. त्या काळी गावोगावच्या शिक्षकांना याच जर्नलांतून बढतीचे गुण मिळत होते. फसवणारे होते तसे फसलेलेही पुष्कळ होते.

परिषदेतले पेपर मोजायचे का?

मोजा, पण कमी वजनाने. परीक्षण घाईत होतं. पुण्यात बी.ई.च्या चार मुलांचा प्रोजेक्ट, सोबत गाईडचं नाव, असा एक पेपर दरवर्षी निघतो. मुलांच्या दृष्टीने ते चांगलंच असतं.

पेटंटं पण लिहिलेली असतात. ती मोठी गोष्ट ना?

'पब्लिश्ड' आणि 'ग्रँटेड' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अर्ज केला की साधारण अठरा महिन्यांनी तो आपोआप प्रसिद्ध होतो, लवकर प्रसिद्धीचा अर्ज दिला तर आधीही. परीक्षण व्हायचंच असतं. परीक्षणातून पार पडला तर पेटंट मिळतं आणि अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं चालतं. डिझाइन नोंदणी ही तिसरीच गोष्ट आहे. ती वस्तूच्या दिसण्यापुरती असते, आतल्या कार्यपद्धतीला तिचं संरक्षण नाही. ड्रायरच्या पेटीचा आकार नोंदवून 'ड्रायरचं पेटंट' म्हणणारे भेटतात.

लेखकांचा क्रम काय सांगतो?

या दोन्ही क्षेत्रांत बहुधा पहिलं नाव काम करणाऱ्याचं, शेवटचं मार्गदर्शकाचं. पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाच्या नावापुढे खूण असते. यादीत सगळीकडे मधलंच नाव असेल, पहिलं किंवा शेवटचं कधीच नसेल, तर माणूस नेमकं काय करतो हे त्यालाच विचारावं. उत्तर चांगलंही असू शकतं. एखाद्याचा टेक्स्चर ॲनालायझर (पदार्थाचा कडक-मऊपणा मोजणारा) किंवा डायनॅमोमीटर (कापतानाचं बल मोजणारा) सगळं शहर वापरतं आणि त्याचं नाव रास्तपणे मध्ये येतं.

मागे घेतलेला पेपर कसा ओळखायचा?

जर्नलच्या पानावर तशी पाटी लागते, पण महाविद्यालयाच्या यादीतून तो कुणी काढत नाही. मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचचा साठा २०२३ पासून क्रॉसरेफ या संस्थेकडे आहे आणि फुकट बघता येतो. तिथे नाव टाका. २०२३ या एका वर्षात हिंदावी या प्रकाशनाने आठ हजारांहून अधिक पेपर मागे घेतले, त्यांतले बहुतेक 'विशेषांकां'तले होते. तेव्हा विशेषांकातला पेपर दिसला की जरा थांबून बघावं.

मला पीएच.डी. करायची आहे. असा दोन विषयांचा मार्गदर्शक घ्यावा का?

तुमचा विषय मधल्या पट्ट्यातला असेल तर जरूर घ्या. निव्वळ टूल वेअरवर काम करायचं असेल तर त्यांचा मशीनिंगवरचा शेवटचा पेपर कोणत्या साली आला ते बघा. सात वर्षं सगळं वाळवणावर चालू असेल तर प्रयोगशाळेत लेथ आहे, पण डायनॅमोमीटर कपाटात पडून आहे, असं होऊ शकतं. सरांना भेटायला जाल तेव्हा यंत्र बघायला मागा. शिवाय जागा आहे का ते विचारा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच पीएच.डी.चे विद्यार्थी असू शकतात. त्याच नियमांनी प्रबंधाआधी पेपर छापण्याची देशपातळीवरची सक्तीही गेली. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे ते मात्र पीएच.डी. विभागात जाऊन वाचा. 'सक्ती गेली' म्हणून गाइड ऐकतील याची हमी नाही.

मार्गदर्शकाच्या जुन्या विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर मिळतात. पेपरात जी माहिती कापली जाते, ती प्रबंधाच्या परिशिष्टात असते: बिघडलेले प्रयोग, यंत्राचं कॅलिब्रेशन, कच्चे आकडे. मला कुणाची खरी परीक्षा करायची असेल तर मी यादी मिटतो आणि त्यांच्या विद्यार्थ्याचा प्रबंध उघडतो.

माझं वर्कशॉप आहे. या संशोधकाकडे काम घेऊन जाऊ का?

तुमचं मटेरियल आणि तुमची अडचण यादीतल्या शीर्षकांत येते का ते बघा. ईएन२४ पोलादावर बर (कडेला उरलेली धार) येतोय आणि सरांचं सगळं काम ईडीएमवर असेल तर दोघांचाही वेळ जाईल. जाताना ड्रॉइंग, वापरलेला इन्सर्ट आणि खराब जॉब सोबत न्या. इन्सर्ट धुऊन पुसून नेऊ नका. कडेला चिकटलेला धातूच खरी माहिती देतो. फळप्रक्रियावाल्यांनी वाळलेला माल हवाबंद पिशवीत न्यावा, नाहीतर पावसाळ्यात सासवडहून शिवाजीनगरला पोहोचेपर्यंत ओलावा बदललेला असतो.

पेपर वाचायला पैसे मागतात. काय करू?

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना जानेवारी २०२५ पासून सुरू आहे. सरकारी संस्थांतल्या विद्यार्थी-शिक्षकांना त्यातून हजारो जर्नलं उघडी आहेत. खासगी महाविद्यालयात असाल तर तुमच्या ग्रंथपालांना विचारा, नाहीतर विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बाहेरच्यांना काय सोय आहे याची चौकशी करा. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पत्रव्यवहाराच्या लेखकाला दोन ओळींचा ईमेल करणं. कोणता पेपर हवा, कशासाठी हवा, एवढं लिहा. बहुतेक जण आनंदाने पाठवतात. आपलं कुणी वाचतंय हे फारसं कळत नाही त्यांना.